अण्णा, मापाचं पान गाळू नका

धारवाड

प्रिय अण्णा,


तुमच्या वह्या वाचून झाल्या. कंपोझला देण्याआधी काही सांगायचं आहे. समोर बसून सांगायला गेलं की तुम्ही चहा मागवता आणि विषय वर्कशॉपच्या पेन्शनीवर नेता, म्हणून लिहूनच पाठवते. पत्र छापायला तुमची हरकत नव्हती, फक्त नाव नको म्हणालात. तर नाव घालत नाही. अशा वह्या हुबळीत, गदगला, होसपेटला, बेळगावात आणखी काही घरांत ट्रंकेच्या तळाशी असणार. त्यांच्या धन्यांनीही हे वाचावं एवढ्यासाठी हे उघडं पत्र.

आधी तुमच्या मनातला किंतू. "प्रकाशक मिळाला नाही, म्हणून पदरचे घालून काढतोय," हे तुम्ही असं सांगता की जणू लग्नाला पत्रिका न मिळताच जेवायला जाताय. पुण्याच्या एका प्रकाशकानं वह्या परत करताना कळवलं की अनुभव अस्सल आहे, पण नायक वर येताना दिसत नाही. तुम्ही ते मनाला लावून घेतलंत. मला मात्र ते वाक्य वाचून हायसं वाटलं.

मी मुद्रितं तपासणारी बाई. माझ्या टेबलावर येणारी बहुतेक आत्मचरित्रं एकाच साच्याची असतात. पहिल्या प्रकरणात उपासमार, दुसऱ्यात कंदिलाच्या उजेडात अभ्यास, तिसऱ्यात देवासारखे भेटलेले गुरुजी, मग नोकरी, बदली, बढती, फ्लॅट, आणि शेवटी आठ पानं रंगीत फोटो, त्यांतल्या दोनांत आमदार. गरिबी तिथं पायरीचं काम करते. नायकानं एकदा त्यावर पाय दिला की पायरी मागं राहते आणि वस्तीही. आई जिथं बसून दगड फोडत होती ती जागा पुढं कुठंच येत नाही.

तुमच्या वह्यांत हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपात नोकरी लागल्याचं अर्ध्या पानात आटोपलंय आणि सोंडूरच्या खाणीवर मँगनीजचं माप कसं घ्यायचे ते पानंच्या पानं चाललंय. प्रकाशकाला खटकलं ते हेच. माझं म्हणणं, हे प्रमाण अजिबात बदलू नका. पुस्तक तुमच्या पैशानं निघतंय म्हणून तर ते तसं ठेवता येतं. दुसऱ्याच्या पैशानं निघालं असतं, तर पहिली कात्री मापालाच लागली असती.

ते पान मला तोंडपाठ झालंय. तुमची आई दोन्ही पाय पुढं सोडून बसायची, मध्ये ऐरणीसारखा एक चपटा दगड, हातात आखूड दांड्याचा हातोडा. वरून बुट्टीनं आणून टाकलेला माल ती फोडायची. माती, जांभा आणि हलका दगड बाजूला, काळा जड तुकडा दुसऱ्या ढिगात. तुम्हाला सहाव्या-सातव्या वर्षीच तळहातावर तुकडा घेतला की कळायचं, हा मँगनीजचा की नुसता काळा दिसणारा. संध्याकाळी मुकादम बिनबुडाची लाकडी पेटी घेऊन यायचा. पेटी जमिनीवर ठेवायची, माल भरायचा, पेटी उचलायची, मागं राहील तो ढीग म्हणजे एक माप. मजुरी मापावर.

इथपर्यंत कोणीही लिहिलं असतं. पुढचं फक्त तुम्हीच लिहू शकता. मुकादम पेटी ठेवायला नेमकी खळग्याची जागा निवडायचा. अर्धी भरली की चपलेनं दोन लाथा हाणायचा, माल खाली बसायचा आणि आणखी दोन बुट्ट्या आत जायच्या. वर शीग काढायला लावायचा, ती हिशोबात नाही. आणि तुमची आई? तिनं तुम्हाला शिकवलं होतं की पेटीच्या तळाला मोठे, वेडेवाकडे, कोन असलेले तुकडे आडवे-तिडवे रचायचे, म्हणजे मध्ये पोकळी राहते. लहान हात आत जातात, म्हणून ते काम तुमचं. लाथ बसली तरी कोनात कोन अडकलेले तुकडे हलायचे नाहीत. मुकादमाच्या लाथेवर हा तुमच्या घरचा तोडगा होता.

हा सगळा मजकूर तुम्ही आडवी रेघ मारून खोडलाय. समासात पेन्सिलीनं लिहिलंय, 'आईबद्दल गैरसमज होईल.' अण्णा, होऊ द्या. गैरसमज करून घेणारा माणूस पोकळी बघेल आणि लाथ विसरेल. त्याच्यासाठी तुम्ही पुस्तक काढत नाही. कष्टाळू, सोशिक, देवभोळी आई मराठी वाचकानं पुष्कळ वाचली आहे. मापातली खोच ओळखून सहा वर्षांच्या पोराच्या हातानं त्यावर उलटी खोच घालणारी आई मी तरी वाचलेली नाही. खाडाखोडीतून हे पान मी पुन्हा उतरवून काढलंय. तुम्ही नको म्हणालात तर काढेन, पण आधी भांडेन.

यावर तुम्ही म्हणाल, माप न् पेटी, हे कोणाला पाहिजे?

सोंडूरबद्दल जे लिहून ठेवलंय ते बघा. घोरपड्यांचं संस्थान, मराठी दरबार, कानडी रयत, 1949मध्ये विलीन झालं. त्याची वंशावळ मिळते. खडकाचं तर विचारूच नका. रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकानं 1880च्या दशकात या भागातल्या जुन्या खडकांना आपल्या धारवाडचं नाव दिलं. आजही जगातला भूवैज्ञानिक 'धारवाड' म्हणतो तेव्हा त्याला पेढा आठवत नाही, खडक आठवतो. कोलारचं सोनं, सोंडूरचं लोखंड आणि मँगनीज ही सगळी त्याच खडकांच्या पोटातली. फूटनं बळ्ळारी जिल्ह्याच्या भूगर्भावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. कंपन्यांचे अहवाल आहेत, रेल्वेचे टनांचे तक्ते आहेत; होसपेटहून हुबळी, लोंढा, कॅसलरॉक करत मुरगावच्या बंदरात किती माल उतरला, ते बसल्या जागी काढता येतं. दगडाचं सगळं लिहून झालंय. तो फोडणाऱ्या बाईला एका पेटीमागं काय मिळायचं आणि पेटी कशी भरली जायची, ते शोधायला गेलात तर तुमची वहीच हातात येते. म्हणून ती पाहिजे.

बाहेरच्या राज्यात जायला नको, आपल्या कर्नाटकातलंच उदाहरण घ्या. कोलारच्या सोन्याच्या खाणी 2001च्या फेब्रुवारीत बंद झाल्या. त्यानंतर तिथं वाढलेल्या ब्रिजेट व्हाइट-कुमार यांनी 2010मध्ये आपल्या आठवणींचं इंग्रजी पुस्तक स्वतःच काढलं. तिथल्या अँग्लो-इंडियन घरांतलं जगणं त्यात आहे: बंगले, क्लब, नाताळ, स्वयंपाकघरं. चांगलं केलं, त्यांनी लिहिलं नसतं तर तेही गेलं असतं. पण जमिनीखाली तीन किलोमीटर उतरणारी माणसं बहुतेक तमिळ दलित घरांतली होती. त्यांच्या चाळींतलं बालपण वाचायचं तर जानकी नायर यांच्यासारख्या इतिहासकारांच्या ग्रंथात, संपाच्या आणि अपघातांच्या नोंदींमधून वेचावं लागतं. ज्यांच्याकडे टाइपरायटर होता त्यांची आठवण छापली गेली, यात त्यांचा दोष नाही. तुमच्याकडे वह्या आहेत, एवढंच लक्षात घ्या.

गोव्याचंही तेच. पुंडलीक नायक यांची 'अच्छेव' ही कोकणी कादंबरी खाणीनं गाव कसं उलटंपालटं झालं ते सांगते, शेतकऱ्याच्या बाजूनं. पण घाटावरून, आपल्याच भागातून जी माणसं त्या खाणींवर मजुरीला गेली, त्यांच्या झोपडीतून दिसलेली खाण कोणी लिहायची?

तुम्हाला दोन पुस्तकं वाचायला देणार आहे. पहिलं बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं'. फलटणमध्ये दुकानात बसून, घरच्यांच्या नजरेआड त्यांनी ते लिहिलं. वर्षानुवर्षं तसंच पडून होतं. 1982मध्ये ते 'स्त्री' मासिकातून आलं, 1986मध्ये पुस्तक झालं. त्यात बाई स्वतःबद्दल फार थोडं बोलतात, वस्तीबद्दल फार बोलतात. नायक वर येताना दिसत नाही म्हणणाऱ्या प्रकाशकाला ते वाचायला द्यावं. आणि 1978ला 'बलुतं', 1980ला 'उपरा' निघालं ते 'ग्रंथाली'कडून, वाचकांनी वाचकांसाठी चालवलेल्या चळवळीतून. म्हणजे ज्या पुस्तकांना आज आपण मानाचं पान देतो, तीही धंद्याच्या सरळ रस्त्यानं आलेली नाहीत.

दुसरं पुस्तक जपानी चित्रांचं आहे. त्यातली अक्षरं मलाही वाचता येत नाहीत, पण चित्रं बघा. साकुबेई यामामोतो हा क्यूशू बेटावरचा कोळसा-खाणीतला कामगार, जन्म 1892चा. पोरवयापासून खाणीत. साठी उलटल्यावर, रात्रपाळीचा पहारेकरी असताना, नातवंडांना कळावं म्हणून त्यानं जुनी खाण रंगवायला घेतली. चित्रकलेचं शिक्षण नाही. पण बाईनं कोळशाची घसरगाडी कशी ओढायची, दिवा कुठं अडकवायचा, अंगावर काय असायचं, सगळं चित्रात, आणि चित्राच्या कडेला दाटीवाटीनं लिहिलेला मजकूर. 2011मध्ये युनेस्कोनं त्याची जवळजवळ सातशे चित्रं-वह्या जगाच्या स्मृतिवारशात नोंदवली; जपानची ती पहिलीच नोंद. त्यानं हे नातवंडांसाठी केलं होतं, युनेस्कोसाठी नव्हे. म्हणूनच ते इतकं नेमकं उतरलं असावं. नातवंडं 'म्हणजे काय' विचारतात, समीक्षक विचारत नाहीत.

आता तुमचं शेवटचं प्रकरण. ते मला अर्धवट वाटतं, आणि घाबरून अर्धवट सोडलेलं वाटतं.

2003 ते 2010, ती वर्षं आपण दोघांनी हुबळीतच बघितली. चीनला लोखंड हवं होतं. गदगकडून येणारे लाल धुळीनं माखलेले ट्रक रात्रंदिवस शहरातून यल्लापूरकडे, आरबैलचा घाट उतरून अंकोल्याजवळच्या बेलेकेरी बंदराकडे. रस्त्याकडेची झाडंसुद्धा तांबडी. त्या लुटीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात 2009मध्ये जी याचिका गेली ती आपल्या इथल्या समाज परिवर्तन समुदायाची, एस. आर. हिरेमठ यांच्या संस्थेची. 27 जुलै 2011ला लोकायुक्त संतोष हेगडे यांचा अहवाल आला, 29ला न्यायालयानं बळ्ळारी जिल्ह्यातलं खाणकाम थांबवलं, 31ला मुख्यमंत्र्यांचा राजीनामा. 2013च्या एप्रिलमध्ये ज्यांची उल्लंघनं सर्वांत गंभीर होती त्या गटाची लीज रद्द झाली. हे तुम्ही वर्तमानपत्रासारखं लिहून काढलंय, तारखा बरोबर आहेत.

पण त्याच प्रकरणात एक वाक्य आहे, कंसात टाकलेलं: बंदीच्या महिन्यापासून सोंडूरच्या धाकट्या बहिणीकडे पगार आला नाही. एवढंच. पुढं काही नाही. तुम्हाला वाटतं, हे लिहिलं तर आपण चोरांच्या बाजूचे ठरू. अण्णा, बंदी योग्य होती आणि बहिणीच्या घरातली चूल मंदावली, ही दोन्ही वाक्यं खरी आहेत. ती शेजारी शेजारी ठेवायला तुमच्याशिवाय कोण बसलंय? याचिकेत लीजची हद्द आली, जंगल आलं, पाणी आलं, सरकारचा बुडालेला महसूल आला. तुमचा भाचा लोडरवर होता, तो पुढं कुठं गेला, ते येणं शक्यच नव्हतं. अण्णा भाऊ साठ्यांची 'स्मशानातील सोनं' ही गोष्ट तुम्हाला माहीत आहे. तिच्या मुळाशी खाण बंद पडणंच आहे. दगड फोडणारा धिप्पाड गडी खाण थांबल्यावर मसणातली राख चाळायला लागतो. अण्णा भाऊंनी खाण कोणी, का बंद केली याची चर्चा केली नाही. माणूस कुठं गेला ते सांगितलं. भाच्याचं तेवढं करा, दोन पानं पुरतील.

आता पैशाचं. ग्रॅच्युइटीला हात लावू नका, हे तुमच्या मंडळींच्या वतीनंही सांगते.

कोणीतरी तुम्हाला फोन करून 'पॅकेज' सांगितलंय: छपाई, प्रकाशन समारंभ, एक पुरस्कार, ऑनलाइन विक्री, सगळं मिळून अमुक रक्कम. पुरस्कार जिथं दरपत्रकात असतो, तिथून उठून यायचं. तुमचं पुस्तक डेमी अष्टमांशात 176 पानांचं होतं, म्हणजे सोळा पानी अकरा फर्मे, नेमके. भाच्याची दोन पानं वाढली तर मी तुमच्या नोकरीच्या प्रकरणातून सेवाज्येष्ठतेच्या यादीवरचा वाद कापणार आहे, आत्ताच सांगून ठेवते. पाचशेच्या पुढं प्रती काढायच्या तर ऑफसेट परवडतं. आपल्याला तीनशे पुष्कळ झाल्या, त्या डिजिटलवर निघतील. बांधणी मात्र शिलाईची घ्या, नुसत्या डिंकाची नको. ग्रंथालयात चार हात लागले की डिंकाच्या पुस्तकाची पानं मोकळी होतात, आणि हे पुस्तक ग्रंथालयातच राहणार आहे.

आधी नावं नोंदवून घेऊ. आपल्या धारवाडला हे नवं नाही. 1933मध्ये जी. बी. जोशींनी मनोहर ग्रंथमाला काढली ती वर्गणीदारांच्या भरवशावर. वर्षाचे पैसे आधी, पुस्तकं मागाहून. सुभाष रोडवरच्या त्या माळ्यावर कानडी साहित्य घडलं. कार्नाडांचं पहिलं नाटक तिथलं आणि पन्नास वर्षांनी त्यांचं आत्मचरित्रही तिथलंच. तुमच्याकडे वर्कशॉपचे मित्र आहेत, मराठा गल्लीतली माणसं आहेत, सोंडूरची सोयरीक आहे. शंभर जणांनी आगाऊ पैसे दिले तर निम्मा कागद त्यांचा.

आयएसबीएन क्रमांक दिल्लीच्या राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून मिळतो, लेखकाला स्वतःच्या नावानं मिळतो आणि फुकट मिळतो. त्याचे पैसे मागणाऱ्याला नमस्कार करा. आणि 1954चा एक कायदा आहे, जो फार थोड्या हौशी प्रकाशकांना माहीत असतो. पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत त्याची एकेक प्रत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचं कोनेमारा ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी यांना स्वखर्चानं पाठवायची असते. लोकांना हा भुर्दंड वाटतो. तुमच्यासारख्याला ही सोय आहे. दुकानदार तुमचं पुस्तक ठेवणार नाही, ठेवलं तर मागच्या फळीवर; पण या चार ठिकाणांनी ते ठेवून घ्यावं यासाठीच कायदा केलेला आहे. त्याखेरीज बेळगावचं 1848पासूनचं सार्वजनिक वाचनालय, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, आपल्या कर्नाटक विद्यापीठाचं ग्रंथालय, आणि सोंडूरचं ग्रंथालय. शेवटचं तुम्ही स्वतः जाऊन द्या.

समारंभ करायचा तर करा, पण पाहुणा शोधण्यात सहा महिने घालवू नका.

मुकादमाच्या नावाचं काय करायचं, हे तुम्ही दोनदा विचारलंत. तो वारला, पण त्याची मुलं आहेत. बदनामीच्या कायद्यात मेलेल्या माणसाबद्दल लिहिलेलंही येऊ शकतं, घरच्यांना दुखवायच्या हेतूनं लिहिलं असेल तर. खरं असणं एवढंच पुरत नाही, ते लोकहिताचंही असावं लागतं. पण माझं कारण कायद्याचं नाही. त्याचं नाव घातलंत तर वाचक म्हणेल, एक वाईट माणूस होता. तुमच्याच वहीत आहे की त्याच्याआधीचा मुकादम पेटी अशीच ठेवायचा आणि नंतरचाही. खोट पेटीत होती. पेटीची लांबी, रुंदी, उंची आठवत असेल तर ती घाला, नाव गाळा. चांगल्या माणसांची नावं मात्र खुशाल घाला: उधारीवर मीठ-मिरची देणारा दुकानदार, मजुरांच्या लाइनीत अंगठे घेऊन सह्या शिकवणारा तो टाइमकीपर. त्यांच्या घरी आधी वाचून दाखवा.

भाषेला मी हात लावणार नाही. तुम्ही मराठीत लिहिता आणि मध्येच कानडी येतं, लाइनीतल्या लंबाण्यांचे शब्द येतात, आणि शिव्या तेलुगू. खाणीवर तसंच बोलत असणार. पुण्याच्या वाचकासाठी तळटीपा द्यायच्या का, असं विचारलंत, नकोत. चार वेळा 'बुट्टी' वाचली की त्याला बुट्टी कळेल. फक्त एक दक्षता: जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये मजकूर नेताना जोडाक्षरं फुटतात. सोंडूरच्या दऱ्यांचा दर्या झाला तर तुम्हाला थेट बंदरावर नेऊन सोडल्यासारखं होईल. तेवढं मी डोळ्यांत तेल घालून बघेन.

मिलोच्या भाकरीचं प्रकरण सुरेख आहे. अमेरिकेची ती तांबडी ज्वारी रेशनवर आली, आईनं थापली, तव्यावरच तडकली, आणि तुम्ही भावंडांनी तुकडे दगडासारखे निवडले, हा जड, हा हलका. तिथं एक अक्षर बदलू नका. त्यानंतर मात्र 'अशी ही गरिबी माणसाला घडवते' असं वाक्य आहे. ते काढलंय. गरिबीनं तुमच्या थोरल्या भावाला घडवलं नाही, खोकल्यानं नेलं. हे तुम्हीच पुढच्या पानावर लिहिलंय.

तुमच्या नातींना मराठी वाचता येत नाही, बेंगळूरच्या शाळेत शिकतात, याचं वाईट वाटून घेऊ नका. हे पुस्तक पुढंमागं कानडीत यायला हवं, ते त्यांच्यासाठी आणि सोंडूरसाठी. कवी बेंद्र्यांच्या घरात मराठी आणि लेखणीत कानडी, असं हे गाव. दोन्ही बाजूंनी ये-जा करणारी माणसं इथं अजून मिळतात. पण आधी मराठी प्रत हातात येऊ दे. अनुवादाच्या नादात मूळ पुस्तक वहीतच राहिल्याची उदाहरणं मी पुष्कळ बघितली आहेत.

आता तुमच्याकडून मला हव्या असलेल्या वस्तू. वडिलांच्या हजेरीचा तो कार्डाचा तुकडा, ज्यावर अंगठा आहे. स्कॅन करून परत देते. आईचा फोटो नाही म्हणालात, तर नाही. भलत्याच बाईचं चित्र मुखपृष्ठावर घालू देणार नाही. आणि लाइनींचा नकाशा काढून द्या. तुम्हाला ड्रॉइंग येत नाही ही सबब चालणार नाही, वर्कशॉपात जन्म गेलाय. नळ कुठं होता, संडास कुठं नव्हता, मापाची जागा, ठेकेदाराची खोली, शाळेची पायवाट, सुरुंगाचा भोंगा कुठून ऐकू यायचा, सगळं खुणेनं दाखवा. कोणाची खोली कुठली तेही लिहा. पेन्सिलीनं काढलात तरी चालेल, पण पेटीचं माप त्याच कागदावर इंचांत लिहून द्या, ते मला पान 41वर घालायचंय.

वहिनींना नमस्कार सांगा.

तुमची,
मुद्रितं तपासणारी